शिकाऊ हाताचा मणी

बिदर आणि कलबुर्गी या दोन सरहद्द-जिल्ह्यांतील कोणत्याही आठवडी बाजारात, मग तो भालकीचा असो, बसवकल्याणचा असो वा आळंदचा, बांगड्या-मणी विकणाऱ्याच्या पालापुढे क्षणभर उभे राहिले की एकाच बारीकशा वस्तूची निरनिराळी नावे कानी पडतात. मराठी बाई ‘काळी पोत’ मागते, कन्नड बोलणारी ‘करिमणी’ म्हणते आणि दखनी बोलणारी मुसलमान स्त्री लग्नातल्या ‘लच्छ्या’साठी ‘काली पोत’ निवडून घेते. तिघींच्या हातात पडतो तो मोहरीएवढा काळा काचमणी. हीच करिमणी खाली मंगळूरच्या किनाऱ्यावरील कोकणी कॅथलिक घरांतही विवाहित स्त्रीच्या गळ्यात असते. सोने ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कमीअधिक होते. मणी मात्र सर्वांचा सारखा, आणि सर्वांना परवडणारा. तो ओवून देणारा पटवेकरी गावाला ठाऊक असतो, विकणारा कासार किंवा मणियार ठाऊक असतो. तो केला कोणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारलेच तर माल ‘वरून’ येतो, एवढेच उत्तर मिळते.

हे ‘वरून’ म्हणजे कोठून, आणि ज्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी काचमण्यांचा सुकाळ होता तिला ते वरून आणण्याची वेळ का आली, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एखादी विद्या समाजाच्या हातून कशी निसटते आणि ती पुन्हा मिळवावयास काय मोल पडते, याचा तो इतिहास आहे.

आरंभ तेरपासून करणे सोयीचे. तेर हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात मोडते. पण ज्या तेरणेच्या काठी ते वसले आहे ती नदी पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा बिदर जिल्ह्यातून वाहत जाते. आजच्या राज्यांच्या सीमा १९५६ सालच्या. नद्यांना त्या ठाऊक नाहीत आणि जुन्या व्यापाऱ्यांनाही नव्हत्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशी-व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या सफरीचे जे टिपण लिहिले, ज्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात, त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. हे तगर म्हणजेच तेर, ही गोष्ट फ्लीटने १९०१ मध्ये दाखवून दिली. तोवर विद्वान मंडळी तगराचा शोध भलतीकडेच घेत होती.

त्याच टिपणात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांच्या जोडीने ‘कच्ची काच’ असा एक जिन्नस आहे. वाचणारे सहसा या शब्दावरून पुढे निघून जातात. वास्तविक तो थांबवून ठेवणारा शब्द आहे. तयार पेले, तयार मणी कोणीही विकत घेईल. पण काचेचा ओबडधोबड ढेपा कोण घेईल? ज्याला तो वितळविता येतो आणि घडविता येतो, तोच. म्हणजे त्या काळी या देशात काच घडविणारे हात होते, आणि पुरेसे होते. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी तर लिहितो की हिंदुस्थानात स्फटिकाचा चुरा करून काच बनवितात आणि तिला तोड नाही. यात वणजाऱ्यांच्या थापेचा अंश असेलही. परंतु थाप मारावयालासुद्धा मुळात नावलौकिक लागतो.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की माती धुपून जाते आणि मणी, नाणी, मृण्मूर्ती वर येतात. गावकरी पिढ्यान् पिढ्या ते पाहत आले होते. मुले ते खेळावयास नेत, बाया तान्ह्याच्या मनगटात दृष्टमणी म्हणून बांधीत. ही सारी चीजवस्तू निष्ठेने गोळा करून जपण्याचे काम रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी केले. त्यांच्या संग्रहातूनच पुढे तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिले गेले. १९५८ साली तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. पण उत्खननाची कुदळ पडण्यापूर्वी कितीतरी वर्षे एक गृहस्थ त्या मातीतील बारीक मणीसुद्धा वेचून ठेवीत होता, ही गोष्ट महाराष्ट्राने अधिक आठवावी अशी आहे.

तेर एकटे नव्हे. कलबुर्गीच्या दक्षिणेस रायचूर जिल्ह्यात मस्की आहे. ज्या शिलालेखात सम्राट अशोकाचे नाव प्रत्यक्ष सापडले तो लेख तेथे १९१५ मध्ये बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला आढळला. आणि १९५४ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. मस्कीचे काचमणी दक्षिणेतील फार जुन्या काचमण्यांत गणले जातात. खुद्द कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता जी चंद्रलांबा, तिचे हे गाव. १९८६ साली त्या देवस्थानातील काली मंदिराचे छप्पर कोसळले आणि मूर्तीच्या बैठकीच्या दगडावर अशोकाचे लेख निघाले. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीला प्रचंड बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि नावानिशी कोरलेली अशोकाची प्रतिमा मिळाली. तिसरे ठिकाण बिदरच्या शेजारच्या, आजच्या संगारेड्डी जिल्ह्यातील कोंडापूर. निजामाच्या पुराणवस्तू खात्याने १९४० नंतर तेथे खोदकाम केले, आणि तेथील मण्यांवर १९५२ मध्ये एक स्वतंत्र पुस्तिका निघाली. ती लिहिणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित.

दीक्षितांचे नाव आज पुराणवस्तूंच्या अभ्यासकांबाहेर फारसे कोणी घेत नाही. राजांच्या वंशावळी आणि ताम्रपट यांच्या मागे सारे विद्वान धावत असता या मराठी संशोधकाने मणी हा विषय हाती धरला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन त्यांनी डॉ. सांकलिया यांच्याबरोबर केले. कऱ्हाड, त्रिपुरी, कौंडिण्यपूर येथे स्वतः खोदले. आणि अखेरीस मुंबई विद्यापीठात दिलेली व्याख्याने ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ या नावाने १९६९ मध्ये ग्रंथरूपाने आली. भारतीय काचेच्या इतिहासाचा तो पायाभूत ग्रंथ होय. क्षुल्लक वस्तूंचा अभ्यास करणाऱ्याची कीर्तीही बहुधा क्षुल्लकच राहते, असा जगाचा न्याय दिसतो.

आता मणी वाचावयाचा कसा, हे थोडे पाहू. त्याला भिंग आणि दिव्याचा उजेड पुरतो. काचमणी करण्याच्या मुख्य रीती दोन. एक गुंडाळण्याची. लोखंडी सळईला मातीचा लेप द्यावयाचा, वितळलेल्या काचेची धार त्या सळईभोवती गुंडाळावयाची आणि थंड झाल्यावर मणी सळईवरून काढून घ्यावयाचा. अशा मण्यात काचेच्या रेषा व बुडबुडे भोकाभोवती वळसा घेताना दिसतात. दुसरी रीत ओढण्याची. काचेच्या पोकळ गोळ्याला आकडा लावून लांबच लांब नळी ओढावयाची, तिचे बारीक तुकडे तोडावयाचे आणि ते राखेत मिसळून पुन्हा तापवावयाचे. राखेमुळे भोके बुजत नाहीत आणि कडा गोल होतात. अशा मण्यात रेषा व बुडबुडे भोकाला समांतर धावतात. तिरुपतीजवळच्या पापनायडुपेट या खेड्यातील कारागिरांनी ही ओढण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत जिवंत ठेवली. लोखंडी नळीवर काचेचा मोठा गोळा घेऊन भट्टीच्या तोंडातून ते नळी ओढीत, आणि त्यांच्याकडे पाहूनच विद्वानांना दोन हजार वर्षांपूर्वीचे कोडे उलगडले. याच रीतीचे बारीक एकरंगी मणी भारतातून पूर्वेस इंडोनेशियापर्यंत आणि पश्चिमेस आफ्रिकेपर्यंत गेले. पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने त्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ मणी असे नाव दिले. आपल्या चौल-रेवदंड्याला मिळालेले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावर मिळालेले मणी यांच्या काचेची जात एकच असल्याचे रसायनशाळेत दिसून आले आहे.

रसायनशाळा आणखीही सांगते. काच म्हणजे मुळात वाळू. नुसती वाळू वितळवावयास सुमारे १७०० अंश उष्णता लागते, जी जुन्या भट्टीला झेपणारी नव्हे. म्हणून तिच्यात क्षार मिसळतात, म्हणजे ती हजार-बाराशे अंशांवर वश होते. रोमन कारागीर मिसरच्या वाळवंटातील नेट्रॉन नावाचा क्षार वापरी. आपल्याकडील कारागीर उन्हाळ्यात जमिनीवर फुलून येणारी खारी माती वापरी. या मातीमुळे आपल्या काचेत अॅल्युमिनाचे प्रमाण अधिक येते. त्यामुळे परक्या ढेपेची काच कोणती आणि देशी भट्टीची कोणती, हे मण्याचा कणभर अंश तपासून ओळखता येते. परदेशी काच आणून येथे मणी घडविणे आणि मुळातली काचच येथे करणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली हाताची, दुसरी भट्टीची. हा भेद ध्यानात ठेवावयास हवा; पुढच्या कथेत तो फार उपयोगी पडेल.

पण मणी देशी की परदेशी यापेक्षाही एक नाजूक प्रश्न उरतो: मणी या गावी घडला, की घडलेला येथे विकला गेला? याचे उत्तर सुंदर मणी देत नाही. सुंदर मणी कोठूनही कोठेही जातो. उत्तर देतो तो फसलेला मणी. भोक बुजलेला, एका बाजूस ओघळलेला, शेजारच्या मण्याला चिकटून जोडमणी झालेला. असला माल कोणी व्यापारी बैलाच्या पाठीवर लादून दहा दिवसांची वाट चालत नाही. तो जेथे बिघडतो तेथेच उकिरड्यावर पडतो. म्हणून उत्खनकाला जेथे असे मणी, काचेचे ठिपके, तुटक्या नळ्या व मळी एकत्र सापडते, तेथे तो म्हणू शकतो की येथे कारागीर बसत होता. आणि कारागिराच्या शेजारी, बहुतेक वेळा, शिकणारा पोरही.

हे फसलेले मणी नीट समजावयाचे तर ज्योतीपुढे बसलेला नवशिक्या डोळ्यांपुढे आणावा. आज हौशी शिकणारे गॅसच्या टॉर्चवर मणी करतात. साधन नवे, तत्त्व मात्र सोनाराच्या फुंकणीचेच. फुंकणीने दिव्याची ज्योत एका टोकाला आणून सोनार जसा डाख लावतो, तसेच व्हेनिसचे कारागीर तेलाच्या दिव्यावर भात्याने वारा घालून मणी घडवीत. व्हेनिसच्या सरकारने आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या होत्या; पण दिव्याच्या ज्योतीवरचे काम भट्टीशिवाय घरच्या मेजावर होई, आणि मणी ओवण्याचे काम शहरातल्या गरीब बायका दारात बसून करीत.

टॉर्चपुढील नवशिक्याची पहिली चूक घाईची असते. काचेची थंड कांडी त्याने एकदम ज्योतीत घातली की तिची बाहेरची कातडी फुगते, आतला गाभा थंडच राहतो, आणि कांडी तडतडून तिच्या ठिकऱ्या मेजावर उडतात. कांडी आधी ज्योतीच्या टोकाबाहेर धरून, हळूहळू आत आणावी लागते. मग तिचे टोक लाल होते, मधासारखे मऊ होते आणि त्याचा थेंब जमू लागतो. त्याच वेळी काच तापली की सोडियमचा पिवळा झगमगाट उठतो आणि त्या झळाळीत खुद्द काचच दिसेनाशी होते. त्यासाठी विशेष चष्मा लागतो. जुन्या कारागिराला तो नव्हता. त्याचे डोळे लवकर जात असतील, यात नवल नाही.

दुसऱ्या हातात मातीचा लेप दिलेली सळई असते. तीही तापलेली हवी. थंड सळईला काच धरत नाही, घसरते. लेप पातळ असला तर मणी सळईला कायमचा चिकटतो. जाड असला तर काम चालू असतानाच लेपाची खपली सुटते आणि मणी सळईवर गरगर फिरू लागतो. लेप ठीक जमला, काचही लागली, की खरी परीक्षा सुरू होते. सळई सतत फिरवीत राहावयाची. एका क्षणासाठी बोटे थांबली की मऊ काच खालच्या बाजूला ओघळते आणि मणी पोट सुटल्यासारखा होतो. दोन्ही हात दोन वेगळी कामे करतात, उजवा काच पुरवितो, डावा फिरवितो. नवशिक्याचे ध्यान उजव्याकडे गेले की डावा थबकतो. शिकविणारा हे तोंडाने शंभरदा सांगू शकेल; पण डावी बोटे आपण होऊन फिरू लागत नाहीत तोवर सांगण्याचा उपयोग नसतो, आणि ती फिरू लागेपर्यंत टोपलीभर मणी बिघडतात.

इतकेही करून गोल, नितळ मणी झाला आणि शिकाऊ मुलाने हौसेने तो उघड्यावर ठेवला, तर तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी तो आपोआप दुभंगतो. बाहेरून निवलेली काच आतल्या उष्ण काचेला आवळीत असते, आणि तो ताण तिला सोसत नाही. म्हणून मणी सुमारे पाचशे अंशांच्या उबेत ठेवून सावकाश निववावा लागतो. आज त्याला विजेची भट्टी असते; पूर्वी गरम राख पुरे. रंगांचेही असेच. तांबे घातलेली काच मोकळ्या वाऱ्याच्या ज्योतीत हिरवी-निळी राहते. तीच काच धुरकट, वाऱ्याला उपाशी अशा ज्योतीत लाल होते. पाककृती एकच असून एकाचा मणी निळा आणि दुसऱ्याचा लाल निघाला, असे नवशिक्यांत घडते. यात जादू नाही, ज्योत ओळखता येत नाही इतकेच.

तेर ही संत गोरा कुंभारांची भूमी. त्यांनी संतमंडळीच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके कच्चे व कोणते भाजलेले याची परीक्षा केली आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. परंपरा तिला भक्तीची कथा मानते, आणि ते योग्यच आहे. पण भट्टीवर शिकणाऱ्या पोरांना पारखणारा गुरू त्या गावात पूर्वीपासून बसत आला असला पाहिजे, असेही ती ऐकताना वाटून जाते.

मध्ययुगाकडे वळू. १३४७ मध्ये बहामनी राज्याची गादी कलबुर्गीला स्थापन झाली. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने ती बिदरला नेली. या काळाचा काचेशी संबंध कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर स्पष्ट दिसतो. १९४५-४६ च्या उत्खननात तेथे बहामनी थरांतून रंगीत काचबांगड्यांचे तुकडे विपुल निघाले. मणी मागे पडला आणि बांगडी पुढे आली. गुंडाळण्याची कला तीच. फक्त बारीक सळईच्या जागी जाड शंकू आला. (कलबुर्गीजवळ भीमाकाठी फिरोजशहा बहामनीने वसविलेल्या फिरोजाबादचे भग्नावशेष आहेत. बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले फिरोजाबाद ते नव्हे. ते उत्तर प्रदेशातले. नामसादृश्याने पुष्कळांची गफलत होते.)

बिदरने याच काळात दुसरी एक कला जोपासली, ती बिदरी कामाची. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवायची आणि किल्ल्यातील मातीत नवसागर कालवून त्या लेपाने धातू काळाभोर करावयाचा. ही कला टिकली. तिला दरबाराचा आश्रय मिळाला, शहराचे नाव मिळाले, पुढे विलायतेच्या प्रदर्शनांतून मान मिळाला आणि आपल्या काळात भौगोलिक मानांकनही मिळाले. काचमण्याला यातले काहीच मिळाले नाही. हुक्का आणि पानदान अमीराच्या दिवाणखान्यात जाते. मणी लमाणी तांड्यावरच्या बाईच्या कांचोळीवर, आरशांच्या आणि कवड्यांच्या शेजारी शिवला जातो. ज्या वस्तूचे गिऱ्हाईक गरीब, तिच्या कारागिराची नोंद कोण ठेवणार? याच बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी ‘कायक’ म्हणजे हाताचे काम हेच कैलास असे मानले होते, आणि चांभार, परीट, नावाडी यांची नावे वचनांतून अमर केली होती. तेवढा एक काळ सोडला तर हाताच्या कामाला आपल्या इतिहासात नाव क्वचितच लाभले.

एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर देशी काच अजून जिवंत होती. १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर मुलखातून फिरला, तेव्हा चित्रदुर्गाकडील मत्तोड येथे खाऱ्या मातीपासून बांगड्यांची काच कशी करतात, हे त्याने तपशीलवार लिहून ठेवले. त्याच शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले तेव्हा त्यात ‘काचारी’ जातीची नोंद आहे. पण आता काचारी बहुतांशी फुटक्या बांगड्यांचा चुरा विकत घेऊन तोच पुन्हा वितळवीत होता. म्हणजे भट्टीची विद्या गेली होती आणि हाताची तेवढी शिल्लक होती. मग तीही गेली. बोहेमियातील याब्लोनेत्स गावाच्या परिसरातून, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या राज्यातून, साच्यातले स्वस्त आणि चकचकीत मणी व बांगड्या जहाजे भरभरून मुंबईला येऊ लागल्या. त्यांच्याशी काचाऱ्याची भट्टी किती दिवस झगडणार? बापाने भट्टी विझविली की मुलाची बोटे शिकत नाहीत. आणि बोटांची विद्या पोथीत लिहिलेली नसल्यामुळे नातवाला ती उघडून वाचताही येत नाही. दोन हजार वर्षे टिकलेली गोष्ट नाहीशी व्हावयास दोन पिढ्या पुरल्या.

ती परत मिळविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि तो प्रत्येकी एकेका पैशावर झाला, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल दरमाणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी आपले सारे वजन त्याच्या पाठीशी घातले. जमलेल्या द्रव्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्याचा हेतू केवळ माल विकण्याचा नव्हता. तरुणांना काचकाम शिकविणारी ती शाळाही होती. पहिल्या व्यवस्थापनाची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. हे गृहस्थ अलीगढकडचे, आणि काचविद्या शिकून आले ते जपानात आणि अमेरिकेत. जी विद्या तगराच्या पेठेत होती ती शिकण्यासाठी माणसाला अर्धे जग ओलांडावे लागले, आणि ती मराठी मुलांना शिकविण्यासाठी शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा लागला. तळेगावात शिकून तयार झालेली माणसे पुढे देशभरच्या कारखान्यांत पसरली. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील मराठी घराघरांत लागला.

पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रियाचा माल बंद केला, तेव्हा उत्तरेतील फिरोजाबादला बांगड्यांचा धंदा फोफावला. हाथरसजवळच्या पुरदिलनगरात भट्टीवर गुंडाळलेले मणी होतच होते. १९४० च्या सुमारास वाराणसीला दिव्याच्या ज्योतीवरील मण्यांचा धंदा सुरू झाला आणि घरोघर, मेजावर एक ज्योत आणि हातात काचेची कांडी, असे तो पसरला. कासाराच्या तोंडचे ‘वरून’ म्हणजे बहुतांशी हेच प्रांत. त्यांच्या जोडीला हल्ली चीनहून येणारा मालही असतो. मात्र मांजरेच्या आणि भीमेच्या काठी ज्योतीपुढे बसणारा पुन्हा आला नाही.

उत्खननाच्या जुन्या काळी मजूर मातीतून मणी वेचीत, आणि त्यातले गोल, रंगदार, अखंड तेवढे निवडून पेटीत ठेवले जात. वाकडे, फुटके, जोडमणी मातीच्या ढिगावर परत जात. त्यामुळे कित्येक ठिकाणी मणी येथे घडत होते की नुसते विकले जात होते, हा प्रश्न कायमचा अनिर्णित राहिला. पुरावा उत्खनकाच्याच टोपलीतून बाहेर गेला होता. आता रीत बदलली आहे. खणलेली माती बारीक जाळीच्या चाळणीतून पाणी ओतून धुतात, आणि चाळणीत जे उरेल ते सारे, काचेचा ठिपका असो की भोक बुजलेला मणी, पुडीत घालून त्यावर थराचा क्रमांक लिहितात.